कोकणातून आलो की तिसऱ्या दिवशी टायरचा पिवळा दिवा : पंक्चर नव्हतं, मग होतं काय?

दापोलीजवळ आत्याकडे जाऊन आलो, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऑफिसला निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. गाडी पंक्चरवाल्याकडे न्यायची. तो जॅक लावून, टायरच्या नक्षीवरून साबणाचं पाणी फिरवून, खिळा शोधायचा आणि म्हणायचा, "साहेब, पंक्चर नाहीये. हवा कमी होती, भरून दिली." दिवा जायचा. पुढची कोकण फेरी झाली की पुन्हा लागायचा. त्यातही दर वेळी टायर वेगळा. कधी मागचा डावा, कधी पुढचा उजवा. एकच टायर असता तर रिम वाकली असेल म्हणून सोडून दिलं असतं.

गाडी साधी आहे, २०५/६० आर १६ मापाच्या टायरची छोटी एसयूव्ही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेला कागद सांगतो : चारही टायरना ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), पूर्ण सामान-माणसं असतील तर मागे ३६. टायरच्या बाजूवर कोरलेला ४४ की ५१ चा आकडा काहीजण 'योग्य हवा' समजून भरतात. तो टायरला सोसेल तेवढ्या जास्तीत जास्त हवेचा आकडा असतो. आपल्याला हवा तो दारावरचा, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो तो.

शेवटी निघालं ते असं, की कारण एक नव्हतंच. तीन चुका होत्या, तिन्ही माझ्याच, आणि तिन्ही त्या आत्याच्या घराच्या वाटेवर सुरू होत होत्या.

ती वाट

आत्याचं घर पुळणीला लागून आहे. डांबरी रस्ता संपल्यावर सुरूच्या बनातून शंभर-दीडशे मीटर भुसभुशीत वाळूची वाट. पहिल्या वर्षी ३३ पीएसआयवर गाडी घातली आणि चाळीस पावलांत पुढची चाकं पार अर्धी रुतली. मी रेस देत राहिलो, चाकं खड्डा खणत राहिली. शेजारच्या वाडीतला एक म्हातारा नारळाच्या झावळ्या घेऊन आला आणि आधी माझ्यावरच खेकसला, "रेस नको रे देऊ! आधी हवा सोड, मग बघू." चारही टायरची हवा सोडली, चाकांपुढची वाळू हातांनी काढली, झावळ्या टाकल्या आणि पहिल्या गिअरवर अलगद क्लच सोडला. गाडी चालत बाहेर आली.

यात जादू नाही. हवा कमी केली की टायर जमिनीला जास्त लांबीवर टेकतो, तेवढंच वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत घुसण्याऐवजी तिच्यावरून चालतं. माझ्या गाडीला २० पुरतात, वाळू फारच सैल असेल तर १८. पंधराच्या खाली जाऊ नका. टायरची कड रिमवरून सुटू शकते, आणि सुटली की हातपंपाने ती परत बसत नाही. कमी हवेवर वळण घ्यायचं तर मोठं आणि संथ, ब्रेक हळू, वेग माणूस पळेल एवढा.

तेव्हापासून दर वेळी मी त्या वाटेच्या तोंडाशी थांबून हवा सोडतो. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चूक सुरू व्हायची ती परत निघताना. (आणि हे घराच्या वाटेबद्दल आहे. नुसती हौस म्हणून पुळणीवर गाडी फिरवणाऱ्यांसाठी नाही. किनाऱ्यावर गाडी न्यायला ठिकठिकाणी मनाई आहे, भरतीची वेळ कुणी बघत नाही, आणि वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला त्याच वाळूत कासवं अंडी घालतात.)

पहिली चूक : गरम टायरमध्ये ३३

माझ्याकडे तेव्हा कॉम्प्रेसर नव्हता. आत्याकडून २० पीएसआयवर निघायचं आणि बारा-तेरा किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर हवा भरायची. दुपारची वेळ, बाहेर ३२-३३ अंश. त्यात कमी हवेचा टायर जास्त चेपतो, सुटतो, परत चेपतो, आणि या चेपाचेपीत तो नेहमीपेक्षा जास्त तापतो. पंपावर पोचेपर्यंत आतली हवा पन्नासेक अंशांवर गेलेली असणार. तिथला पोरगा यंत्रावर ३३ लावायचा, पीप पीप वाजलं की झालं.

आता हिशेब बघा. गेज, म्हणजे हवा मोजायचं यंत्र, दाखवतं तो दाब बाहेरच्या हवेच्या वरचा असतो. खरा दाब काढायला त्यात वातावरणाचे १४.७ मिळवावे लागतात. म्हणजे ३३ अधिक १४.७, एकूण ४७.७. बंद हवेचा दाब तिच्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो, पण तापमान केल्व्हिनमध्ये मोजायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून. पन्नास अंशांचे ३२३, पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी ११ अंश असतील तर २८४. ४७.७ गुणिले २८४ भागिले ३२३ म्हणजे जवळपास ४२. त्यातून १४.७ वजा केले की २७. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. वर आल्यावर बाहेरची हवा विरळ होते म्हणून गेज एखादा पीएसआय जास्त दाखवतं. तो धरून २८.

म्हणजे 'पंपावर ३३ भरलीय' असं समजून मी दर सोमवारी २८ वर गाडी हाकत होतो.

एवढा गुणाकार कुणी दर वेळी करत नाही. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय. आणि दारावरचा आकडा *थंड* टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर हळू चाललेली. हायवेवर तासभर पळालेला ३३ चा टायर ३७-३८ दाखवणारच, तो तसा दाखवेल हे धरूनच आकडा ठरवलेला असतो. एक्सप्रेसवेवर चहाला थांबून हवा चेक करणारे आणि ३८ बघून घाबरून पाच पीएसआय सोडून देणारे लोक मी पाहिलेत. मीही त्यातलाच. गरम टायरची हवा कधीच सोडायची नाही.

ही चूक माझ्या टायरवर लिहिलेली होती, मला वाचता येत नव्हती एवढंच. अठ्ठावीस हजार किलोमीटरला दोन्ही कडा घासलेल्या आणि मधली नक्षी चांगली, हे कमी हवेचं लक्षण. मध्येच घासलेला असेल तर हवा जास्त. एकाच कडेला घासला असेल तर हवेला दोष देऊ नका, अलाइनमेंट बघा.

दुसरी चूक : दिव्याचं बटण

पण चारही टायर २८ वर असतील तर एकाच टायरसाठी दिवा का लागावा? इथे आपल्या गाडीत कोणती यंत्रणा आहे ते माहीत हवं. ज्या गाड्या पडद्यावर चारही टायरचे आकडे दाखवतात, त्यांच्या प्रत्येक चाकात सेन्सर असतो. माझ्या गाडीत नुसता दिवा आहे. तिची यंत्रणा दाब मोजतच नाही. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकं किती वेगाने फिरतात ते बघते. हवा कमी झाली की टायरचा फिरता घेर किंचित कमी होतो, चाक बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं, आणि मग दिवा. म्हणून तो गाडी चालू करताच लागत नाही, थोडं अंतर गेल्यावर लागतो.

या यंत्रणेला 'बरोबर हवा' म्हणजे काय हे आपणच शिकवायचं असतं, रीसेटचं बटण दाबून. बटण दाबलं त्या वेळी टायरमध्ये जे असेल ते तिच्या लेखी बरोबर. मी पंपावर गरम टायरमध्ये ३३ भरून तिथेच बटण दाबायचो. पंक्चरवाल्याकडेही तेच, हवा भरली, दाबा बटण. चार टायर मिळून सारखेच खाली आले तर ती बिचारी बराच वेळ गप्प बसते, एक जास्त खाली आला की बोंब मारते. दिवा विझला म्हणजे रोग बरा झाला, हे मी दोन वर्षं मानत होतो.

बटण दाबायचं ते सकाळी, थंड टायरमध्ये मोजून हवा भरल्यावर. दुसऱ्या कुठल्याही वेळी नाही.

तिसरी चूक : आगपेटीची काडी

आता राहिला तो एक टायर, दर वेळी वेगळा. याचा छडा नशिबाने लागला. एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भांड्याच्या साबणाचं घट्ट पाणी घेऊन बसलो. नक्षी बघितली, रिमची कड बघितली, काही नाही. सहज म्हणून व्हॉल्व्हच्या तोंडावर एक थेंब टाकला. पाच-सहा सेकंद काहीच नाही, आणि मग वाटाण्याएवढा एक बुडबुडा हळूच फुगला. फुटला. पुन्हा सहा सेकंद. पुन्हा एक.

व्हॉल्व्हच्या आतली पिन तिच्या खास चावीने फिरवून काढली. तिच्या रबरी कडेवर वाळूचा एक कण रुतून बसला होता. डोळ्याला दिसेल एवढाच.

मी हवा कशी सोडायचो? टोपी काढायची, खाली वाळूत ठेवायची, आणि आगपेटीच्या काडीने किंवा हाताला लागेल त्या काटकीने पिन दाबायची. टोपी परत बसवताना तिच्यातली वाळू आत. दोन टोप्या तर वाळूतच हरवल्या होत्या, त्या चाकांचे व्हॉल्व्ह उघडेच फिरत होते. पंपावर हवा भरताना दाबाने तो कण थेट आत जाऊन पिनेच्या बैठकीवर बसायचा. ज्या टायरचं नशीब फुटकं, त्यातून तीन दिवसांत चार-पाच पीएसआय जायचे. अठ्ठावीसचे तेवीस, आणि दिवा. पंक्चरवाल्याकडे नेलं की तो हवा भरायच्या आधी पाइपने व्हॉल्व्हवर एक जोरात फुंकर मारायचा, कण उडून जायचा, आणि गळती 'आपोआप' बरी व्हायची. म्हणून दर वेळी टायर वेगळा.

चारही पिना बदलल्या. चहाच्या पैशांत काम झालं. आतून रबरी चकती असलेल्या टोप्या घेतल्या. आता टोपी काढली की शर्टाच्या खिशात जाते, आणि हवा सोडायला व्हॉल्व्हच्या त्या चावीच्या पाठीमागच्या टोकाची स्वच्छ दांडी वापरतो, जी फक्त त्याच कामाची आहे. सोडून झालं की अर्धा सेकंद जास्त दाबतो, तेवढ्या झोताने तोंडाशी आलेलं काही असेल तर बाहेर जातं. ज्यांच्या चाकात सेन्सर आहे त्यांनी मात्र पिन बदलताना कुणालाही साधी पितळी पिन घालू देऊ नये. सेन्सरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असेल तर पितळ त्याला गंजवून आत चिकटवतं. निकेलचा मुलामा दिलेली पिन मागा.

तुमच्याकडे असंच काही होत असेल तर शोध या क्रमाने घ्या : आधी थंड टायरमध्ये स्वतःच्या गेजने चारही आकडे लिहा, गाडी एक रात्र न हलवता पुन्हा मोजा. चारही सारखेच खाली असतील तर गळती नाही, भरतानाची चूक आहे. एकच खाली असेल तर साबणाचं पाणी, आणि सुरुवात व्हॉल्व्हपासून, कारण तिथे सगळ्यात कमी बघितलं जातं. महिन्याला एक-दोन पीएसआय चांगल्या टायरमधूनही जातात, त्याच्या मागे लागू नका.

स्वतःचं गेज घ्याच. वेगवेगळ्या पंपांवर एकाच टायरला मला ३१ पासून ३५ पर्यंत आकडे मिळालेत. गेज अगदी अचूक नसलं तरी चालेल, पण दर वेळी तेच वापरायचं. काही जुन्या यंत्रांवर आकडे किलोमध्ये किंवा बारमध्ये असतात. दोन्हीत ३३ पीएसआय म्हणजे २.३ च्या आसपास.

मग रस्त्यानुसार हवा बदलायची की नाही?

बहुतेक रस्त्यांवर नाही. हे ऐकून लोक निराश होतात.

हायवेला दारावरचा आकडा, आणि गाडी भरलेली असेल तर दारावरचाच भरलेल्या गाडीचा आकडा. समृद्धी महामार्गावर तर हे डोळे झाकून पाळा. सिमेंटचा रस्ता, १२० ची वेगमर्यादा, नागपूरकडचा उन्हाळा आणि तास-दोन तास एकाच वेगाने धावणं, यात कमी हवेचा टायर तापत तापत शेवटी बाजूने फाटतो. नायट्रोजन भरल्याने हे टळत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनने हवा थोडी सावकाश कमी होते, एवढंच.

घाटाला काही बदलू नका. ताम्हिणी काय, वरंध काय, वळणावर कमी हवेचा टायर बाजूला लवतो आणि स्टिअरिंग सुस्त वाटतं.

पावसात 'ग्रिप मिळावी म्हणून' हवा कमी करायचा सल्ला आमच्या सोसायटीत दर जूनमध्ये एक काका देतात. नेमकं उलटं आहे. साचलेल्या पाण्यावर टायर कधी तरंगू लागेल याचं विमानांच्या टायरवरून नासाच्या लोकांनी काढलेलं एक सूत्र आहे : दाबाचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला साधारण साडेसोळाने गुणायचं, म्हणजे ताशी किलोमीटर मिळतात. ३३ ला पंच्याण्णवच्या आसपास, २५ ला ऐंशीच्या थोडं वर. गाडीच्या चांगल्या नक्षीच्या टायरला हा आकडा तंतोतंत लागू नाही, पण दिशा तीच : हवा कमी, तर टायर लवकर तरंगणार. पावसात हवा पूर्ण ठेवा आणि नक्षी बघा. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. मी तीनच्या खाली आल्यावर पावसाळ्यात त्या टायरवर भरवसा ठेवत नाही.

कच्चा रस्ता, म्हणजे जांभ्याचा, कातळावरचा, गडाच्या पायथ्याच्या वाडीकडे जाणारा : इथे २८ पर्यंत खाली येतो. हादरे कमी होतात, चाक सुट्या खडीवर कमी घसरतं. त्याच्या खाली मात्र येत नाही. परदेशातले लोक खडकांवर १८-२० वर जातात, त्यांचे टायर जाड भिंतीचे आणि उंच असतात. आपल्या शहरी टायरची भिंत खड्ड्याच्या कडेवर रिम आणि दगड यांच्यात चिमटते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. मला एकदा आलाय. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कुणी करून देतो म्हणाला तरी नाही.

काळ्या मातीच्या चिखलात हवेचा खेळ फारसा चालत नाही. ती माती नक्षीत अशी भरते की टायर गुळगुळीत लाटणं होतो, मग आत २० असो की ३३. मराठवाड्यात सासरच्या शेतावर पाऊस पडून गेला असेल तर मी गाडी डांबरावरच ठेवतो आणि चालत जातो. चिखलातून गेलातच तर परतल्यावर चाकांच्या *आतली* बाजू धुवा. रिमच्या आत एका अंगाला वाळलेला गोळा राहिला की ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक हवा भरत बसतात.

लडाखला जाणाऱ्यांसाठी : पुण्यात ३३ दाखवणारा टायर लेहला, तापमान तेच धरलं तर, ३७ च्या आसपास दाखवेल, कारण साडेतीन हजार मीटरवर बाहेरची हवाच विरळ. थंडीने त्यातले दोन-तीन परत जातात. वर हवा सोडलीत तर खाली उतरल्यावर ती कमी पडेल. पंपावरच्या गरम टायरच्या चुकीचीच ही बहीण.

बाइकला ट्यूबचे टायर असतील तर वाळूसाठी फार हवा सोडू नका. रिममध्ये टायर घसरतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो.

आता आत्याकडून निघताना मी वाळूची वाट संपल्यावर डांबराच्या कडेलाच थांबतो. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घेतलाय. इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसते. एका टायरला २० वरून ३३ ला चार-पाच मिनिटं लागतात, दोन टायर झाले की यंत्राला दहा मिनिटं विसावा, नाहीतर तेच तापून बंद पडतं. टायर त्या वेळी जवळपास थंड असतात, म्हणून भरलेला आकडा खरा असतो. तरी बटण दाबत नाही. ते पुण्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून झाल्यावर.

या जानेवारीत जाऊन आलो, सोमवार गेला, गुरुवार गेला, दिवा नाही. त्या आनंदात शनिवारी पाचही चाकं मोजली. पाचवं म्हणजे स्टेपनी, गाडी घेतल्यापासून जिला हात लावला नव्हता. तिच्यात ११ निघाली.